हौशीरामभाऊंच्या जावाची टाकी

राजुरीतल्या आमच्या शेजारच्या हौशीरामभाऊंकडे एक जुनी जावा मोटारसायकल होती. शेती, दोन म्हशी आणि बायको चिमाबाई हा बाकीचा संसार. त्याच्याकडे ते गाडीतून वेळ उरला तर बघायचे. गाडीला मेकॅनिकचा हात लागू द्यायचा नाही हे त्यांचं व्रत होतं. व्रत ते करायचे, उपास गाडीला घडायचा.

चौऱ्याण्णवच्या सुमारास गाडीची पेट्रोलची टाकी आतून गंजली. दुसरा कुणी आळेफाट्याला गॅरेजात गेला असता. भाऊंनी विचार केला, आणि भाऊ विचार करायला लागले की आमची आळी घाबरते. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला आतून लावलेला डांबरी रंग डब्यात उरला होता, तो त्यांनी गाडीच्या टाकीत ओतला. "टाकी ती टाकी, मास्तर," मला म्हणाले. "पाणी काय आन पेट्रोल काय, पातळच की राव!" पेट्रोलनं तो रंग विरघळवला आणि सगळा काळा चिकटा इंजिनाकडे पाठवून दिला. तेवढ्यानं शहाणे होतील तर ते भाऊ कसले? उरलेल्या डांबरावरच त्यांनी कुठून तरी आणलेलं फायबरचं रसायन चढवलं. काही वर्षांत त्याचेही पापुद्रे सुटले. मग गाडी फर्लांगभर चालायची आणि नळीत कचरा अडकून थांबायची. भाऊ खाली बसून नळी फुंकायचे आणि हवामानाला दोष द्यायचे.

इथवर सगळी गंमत होती. पण सन दोन हजारात त्यांच्या अश्विनीला, आणे गावात दिलेल्या लेकीला, मुलगी झाली. बाळंतपण दुसरं, म्हणून सासरीच झालं. चिमाबाईंनी जुन्या मऊ लुगड्याचं दुपटं शिवलं आणि नातीला बघायला जायचं म्हणून पिशवी भरून ठेवली. आणं काही परदेशात नाही, एसटीनं तासाभराच्या आतलं गाव. पण भाऊंचा मान आडवा आला.

"घरी जावा असताना जावयाच्या दारात येष्टीतून उतरायचं? लोक तोंडात श्यान घालतील. टाकीचं अस्तर तेवढं काढतो, नवं भरतो, मग जाऊ."

चिमाबाई थांबल्या. तिकडे नात पालथी पडली, रांगायला लागली, आणि इकडे अस्तर निघायचं होतं.

त्या काळात भाऊंनी काय काय केलं! टाकी घेऊन जुन्नरला कल्हईवाल्याकडे गेले. मीही गेलो, तमाशा चुकवणं माझ्या स्वभावात नाही. "आतून पातेल्यागत चकचकीत करून दे," म्हणाले. त्यानं टाकीच्या तोंडाशी नाक नेलं आणि झटक्यात मागं घेतलं.

"भाऊ, आत हात जात न्हाई ते ऱ्हाऊ द्या. पर ह्या वासासकट ही भट्टीवर ठिवली, तर आपल्या तिघांचंबी तुकडं जुन्नरभर गोळा करावं लागत्याल."

भाऊ परत येताना म्हणत होते, कारागीर माणूस राहिला नाही.

मग देवळाच्या सभामंडपासाठी गावात काँक्रीटचा मिक्सर आला आणि भाऊंची कळी खुलली. टाकीत थिनर आणि बारीक खडी भरायची, तोंड बंद करायचं, गोणपाटात गुंडाळून टाकी मिक्सरच्या पोटात बांधायची आणि फिरवायची. सांगायला वाईट वाटतं, पण ही युक्ती चालली. डांबर, फायबर, गंज, सगळं सुटून बाहेर आलं. भाऊ गावभर मिरवले.

संध्याकाळी चिमाबाईंना अंगणात एक काळाकुट्ट बोळा सापडला. टाकीचं तोंड गळू नये म्हणून भाऊंनी हाताला लागलेलं फडकं कोंबलं होतं. ते फडकं म्हणजे पिशवीतलं दुपटं होतं. त्यांनी ते उलगडून पाहिलं, बाजूला ठेवलं आणि नवऱ्याला गरम भाकरी वाढली. त्यांच्या जागी मी असतो तर तवा डोक्यात घातला असता. सकाळच्या एसटीनं त्या एकट्या आण्याला गेल्या.

"जाऊ दे, रागानं गेलीय. गाडी झाली की आणतो तिला ऐटीत," भाऊ म्हणाले. ओट्यावर बसून त्यांनी धुऊन वाळवलेल्या टाकीत पुण्याहून मागवलेलं नवं अस्तर ओतलं. ते आत सगळीकडे सारखं बसावं म्हणून टाकी मांडीवर घेऊन हळूहळू इकडून तिकडं कलती करत राहिले. ज्यानं नात अजून पाहिली नव्हती, तो माणूस टाकी जोजवत होता. मला हसू आलं, आणि चीडही आली.

अस्तर वाळलं, पेट्रोल भरलं आणि गाडी एका किकमध्ये सुरू झाली. मागं कुणीतरी हवं म्हणून त्यांनी मला बसवलं. आण्याचा घाट गाडीनं न थांबता चढला. अश्विनीच्या दारात भाऊंनी हॉर्न वाजवला. नात पायरीला धरून उभी होती. अनोळखी माणूस बघून ती रडत, रांगत आत पळाली.

चहा झाल्यावर भाऊ म्हणाले, "चल, बस गाडीवर. मास्तर येत्याल येष्टीनं."

"मास्तरांना कशापायी तरास? मी आले तशी जाते," चिमाबाई म्हणाल्या आणि स्टँडकडे चालू लागल्या.

मग आमची वरात निघाली. पुढे एसटी, मागे जावा. भाऊंनी मनात आणलं असतं तर एसटीला कधीच मागं टाकलं असतं, पण ते मागंच राहिले. एसटी थांबली की थांबायचे, निघाली की निघायचे. चिमाबाई शेवटच्या बाकावर बसल्या होत्या आणि मागच्या काचेतून आमच्याकडे बघत होत्या. राजुरीपर्यंत त्यांनी नजर हलवली नाही.

गावच्या फाट्यावर त्या उतरल्या. भाऊंनी अगदी नव्या नवऱ्यासारखं विचारलं, "कशी पळतीय गाडी?"

"गाडीकडं कुणी बघितलं? तीस वरसं तुमच्या मागं बसून पाठच बघितली. आज वाटंनं तोंड दिसलं. लई म्हातारं झालात वो तुमी. मला ठावंच नव्हतं."