ह्यांना मानवणारी हवा

कुठली हवा चांगली आणि कुठली वाईट, हे आमच्या घरात ह्यांची छाती ठरवते. माझ्या अंगाला काय सोसतं, हे आजवर कुणी विचारलेलं नाही. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, म्हणून सगळ्यांनी समजूत करून घेतली आहे की मला काही म्हणायचंच नसतं. लिहायला चौथीपर्यंत शिकले तेवढं पुरतं. लिहिताना कुणी तोंडाकडे बघत नाही.

आमचं घर हिर्डोशीला, वरंधा घाटाच्या वाटेवर. तिथं पाऊस लागला की चार महिने उघडीप नाही. वाकळा वाळत नाहीत, मिठाला पाणी सुटतं, चपलांवर बुरशी चढते, धुकं दारातून आत येऊन चुलीपाशी बसतं. मला त्याचं कधी काही वाटलं नाही. माझं माहेर वेल्ह्याकडे पासलीला, तिथंही असंच. डोक्यावर इरलं घेतलं की दिवसभर भाताच्या खाचरात वाकून लावणी करायची, संध्याकाळी चुलीपुढे पाय शेकायचे. पण ह्यांना खोकला. आषाढात धरायचा तो दिवाळीपर्यंत सोडायचा नाही. मी फडक्यात गरम मीठ बांधून छाती शेकत बसायची. भोरच्या डॉक्टरांनी सांगितलं, कोरड्या हवेत राहायला जा. ते काही खोटं नव्हतं.

मग हे श्रावणात भोंगवलीला नणंदेकडे जाऊन आले. आमच्याकडे पाऊस कोसळत होता आणि तिथं ऊन पडलेलं, अंगणात कपडे वाळत होते. तेवढं बघून हे ठरवूनच परत आले. नणंदेच्या शेजारी जागा घेतली आणि पत्र्याचं घर उभं केलं. मी एवढंच म्हणाले होते, की उन्हाळ्यात एकदा राहून बघू. ह्यांनी नणंदेला हसत सांगितलं, "हिला बेडकावानी पानीच लागतं." दोघं बहीणभाऊ पोट धरून हसले आणि मला चहा ठेवायला सांगितलं.

भोंगवली वाईट नाही. दुकानं आहेत, एसटी वेळेवर मिळते, शेजार चांगला आहे. ह्यांचा खोकला गेला, हेही खरं. पण चैत्र लागला की पत्रा तापतो तो दिवस मावळला तरी निवत नाही. अंगभर घामोळं येतं, डोकं ठणकतं, नाकातून रक्त येतं. ओलं लुगडं अंगावर घेऊन पडावं तर ते घटकेत वाळून कडक होतं. सांगितलं तर म्हणतात, सवय होईल. ह्यांना सगळा जन्म हिर्डोशीत काढून ओलीची सवय झाली नाही, मला मात्र एका उन्हाळ्यात उन्हाची व्हायला हवी. आणि ह्यांचा खोकला थांबलेला असताना परत जाऊ म्हणायचं तरी कुठल्या तोंडाने? म्हणून मी मनाशी एकच धरून होते. पावसाळ्याचे चार महिने एकटीने हिर्डोशीला जायचं, खाचरं लावायची, दिवाळीला परत यायचं.

यंदा वैशाखात हे म्हणाले, हिर्डोशीचं घर विकायचं. पुण्याचं एक जोडपं थंड हवेची जागा शोधत होतं. त्या पैशात भोंगवलीच्या घरावर स्लॅब टाकू, म्हणजे तुझा उन्हाचा त्रासही जाईल, असं म्हणाले. माझ्या त्रासाची आठवण ह्यांना घर विकायच्या वेळी झाली.

माणसं येणार त्याच्या आदल्या दिवशी आम्ही एसटीने हिर्डोशीला गेलो. पश्चिमेच्या भिंतीवर ओलीचे काळे डाग होते. ह्यांनी चुना कालवून माझ्यापुढे ठेवला आणि भिंत पांढरी करायला लावली. मी केली. इतक्या रागाने हात मारत होते की निम्मा चुना माझ्याच तोंडावर उडत होता.

दुसऱ्या दिवशी ते दोघं आले. वैशाख असूनही अंगणात गार वारा होता. साहेब गाडीपासून घरापर्यंतचा चढ चढून आले तेव्हा त्यांना बोलता येईना. बाई साध्या होत्या, पायरीवरच बसल्या. त्यांनी सांगितलं, साहेबांना दमा आहे, पुण्यातला उकाडा आणि धूळ सोसत नाही, आता बारा महिने इथंच येऊन राहायचं. मोबाईलवर त्यांनी ठिकठिकाणचा उन्हाळा बघितला होता आणि त्यात आमचं गाव पसंत पडलं होतं.

हे म्हणाले, "हवा एक नंबर हाय, साहेब. हितं माणूस आजारीच पडत न्हाई."

मी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होते. ज्या माणसाने अख्ख्या गावाला सांगितलं की इथली हवा मला खाऊन टाकील, तो हे बोलत होता.

तेवढ्यात बाईंनी मान वर करून मला विचारलं, "काकू, पावसाळ्यात कसं असतं हो इथं?"

"तिला काय इचारता, ती लाजती," हे म्हणाले.

मी म्हणाले, "ताई, ह्यांच्या छातीपायी आमी हितनं गेलो. पावसात घरात लई वल असती, ती दिवाळीपत्तोर हटत न्हाई. दम्याच्या माणसाला हितं आणू नका."

चारचौघांत बोलले. साहेब ह्यांच्याकडे बघत राहिले. बाई पाणी प्यायल्या, तांब्या परत देताना म्हणाल्या, बरं झालं सांगितलंत. मग दोघं उठले, आणि हे त्यांच्यामागे गाडीपर्यंत काहीबाही बोलत गेले.

परत आल्यावर ह्यांचा आवाज चढला. "घर इकू द्यायचं न्हवतं, म्हून बोललीस."

"व्हय. त्यासाठीबी."

"आन् त्या साहेबाची लई काळजी तुला?"

"तुमची छाती इतकी वर्सं मीच शेकली. दम लागला की माणसाचं काय व्हतं, ठावं हाय मला."

हे पिशवी उचलून म्हणाले, चल, एसटी चुकेल. मी म्हणाले, तुम्ही जा, मी दिवाळीला येते. हे मागे फिरले. भाकरी कोण करून घालणार, असं विचारलं.

"तुमची भन शेजारीच हाय की. जागा तुमीच निवडली."

हे एकटेच गेले. त्यानंतर पाऊस आला, खाचरं लावून झाली. घामोळं गेलं, डोकं दुखायचं थांबलं, पण राग तेवढाच आहे. फोन येतो, त्यात जेवलीस का, पाऊस किती, काही नाही. पहिलं विचारणं असतं, आणखी कुणी घर बघायला आलं होतं का.

"येऊ दे की," मी म्हणते, "मी हाय हितं सांगायला."