ओरडून पाहिलेले शब्द

मराठी क्रीडापरिभाषेला संगणकयुगात नेण्याचा मान अंबरनाथकडे जातो. हे वाक्य निमंत्रणपत्रिकेवर छापलेलं होतं, आणि ते माझंच होतं. ज्यांची परिभाषा मी त्या युगात नेत होतो, त्या सरांनी ते वाचलं, दोन्ही तळवे तोंडाशी धरले आणि गल्लीभर ऐकू जाईल असे ओरडले, "संगणकयुग!" मग मला म्हणाले, "बघा, कुणी वळूनसुद्धा बघत नाही."

ही त्यांची परीक्षा होती. सर आमच्याच गल्लीत राहायचे. शाळेतून निवृत्त झालेले पीटीचे शिक्षक. खेळातल्या इंग्रजी शब्दांना मराठी शब्द शोधून त्यांनी कोश केला होता. पण शब्द कोशात जायचा तो मैदानावरून. संध्याकाळी मुलं खेळत असताना सर कडेला उभे राहून तो ओरडत. मुलांनी न विचारता तसं केलं, तर शब्द पास. 'सब्स्टिट्यूशन'साठी ते "बदली!" असं ओरडले, तेव्हा दमलेला एक गडी आपसूक बाहेर आला आणि दुसरा आत गेला. पास.

मी वाचनातला माणूस. 'टाइम-आउट'साठी मी 'क्रीडाविराम' सुचवला. सरांनी तो प्रामाणिकपणे पुन्हा पुन्हा ओरडून पाहिला. शेवटी शेजारच्या उल्हासनगरातल्या कॅम्प दोनहून खेळायला येणारा एक सिंधी मुलगा जवळ आला.

"सर, वो आज आया नहीं."

कोशात 'दम' गेला.

"पण मी गेल्यावर हे ओरडणार कोण?" सर अधूनमधून विचारत, आणि तेव्हा हसत नसत. कोश छापला तर तो कपाटात जाईल, याची त्यांना खात्री होती. शाळांमधली ती कुलूपबंद कपाटं तुम्हीही पाहिली असतील.

मी औद्योगिक वसाहतीत, रंगाच्या कारखान्यात अधिकारी होतो. कॉम्प्युटरचा कोर्स नुकताच झाला होता, म्हणजे आपल्याला सगळं येतं असं वाटण्याइतपत. म्हटलं, "सर, कोश कॉम्प्युटरवर घेऊ. इंग्रजी शब्द टाइप केला की मराठी समोर हजर."

कॅम्प दोनमध्ये सुटे भाग जोडून बनवून घेतलेला कॉम्प्युटर हवाली करताना दुकानदाराने विचारलं, "साईं, इसमें हिसाब रखोगे?"

"नहीं, शब्द."

त्याने सहानुभूतीने माउस फुकट दिला.

महिनोन्‌महिने मी टाइप करत राहिलो. सर शेजारी बसून पडद्याकडे संशयाने पाहत.

"हा ओरडतो का?"

"नाही सर, शोधून देतो."

"मैदानात शोधायला वेळ कुणाला असतो?"

उत्तर म्हणून मी पत्रिका छापून घेतल्या.

उद्घाटन व्यायामशाळेत, सकाळी. वार शुक्रवार ठरवला, कारण आमच्याकडे कारखान्यांची सुट्टी शुक्रवारची. उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंत सगळे मोकळे. सभागृह भरलं. पंखे बंद होते, पण थंडीचे दिवस असल्यामुळे कुणाला त्याचं काही वाटलं नाही. पाहुणे संगणकयुगावर बोलले, मॉनिटरला हार घातला, कळ दाबली. पुन्हा दाबली. मागून आवाज आला, "अहो साहेब, आज शुक्रवार ना?"

कारखान्यांना शुक्रवारी सुट्टी असते, कारण शुक्रवारी वीज नसते. आमच्या फाटकावर तशी नोटीस वर्षानुवर्षं माझ्याच सहीने लागत होती.

पाहुणे माझ्याकडे पाहू लागले, मी हाराकडे. सर उठले. तळवे तोंडाशी गेले. "दम!"

अख्खं सभागृह बटाटेवड्यांकडे वळलं.

वीज आल्यावर प्रोग्राम उत्तम चालला. मी स्वतः पाहिलं. दुसऱ्या कुणी पाहिल्याचं ऐकिवात नाही. सर मात्र भेटले की चौकशी करत, "काय, कुणी काही विचारलं का त्याला?"

"विचारतील, सर."

काही वर्षांनी सर गेले. तिरडीला पुढून माझा खांदा होता. स्मशानाचा रस्ता चढाचा. मला धाप लागली होती, पण असल्या वेळी सांगायचं कसं आणि कुणाला? एवढ्यात बाजूने कुणीतरी ओरडलं, "बदली!"

मी आपसूक बाहेर आलो. ओरडणारा आत शिरला. तिरडी थांबली नाही. तो कॅम्प दोनचा मुलगा होता. आता पोट सुटलेलं, केस पातळ झालेले. पुढे चढ संपेपर्यंत ती हाक आणखी दोन-तीनदा ऐकू आली, वेगवेगळ्या आवाजांत.

वार शुक्रवार होता. राखीव गडी पुष्कळ होते.