आत्तींची डबी

अंगाला तेल चोळून, शेगडीवर ओव्याची धुरी देऊन झालेली आहे. बाळ दूध ओढता ओढता झोपलंय. दुपारचं ऊन पडद्यातून पिवळट येतं, आणि माझ्या पापण्या मिटतात न मिटतात तोच बाहेरच्या खोलीतून वन्संचा आवाज ऐकू येतो.

"अगदी आई! बोट कसं फिरवत होती सकाळी हिरड्यांवर. मिश्री लावायची सवय घेऊनच आलीय."

बायका हसतात.

आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. त्या गेल्या आणि त्याच महिन्यात ही झाली. तेव्हापासून घरात एकच गोष्ट चालू आहे, आत्ती परत आल्या. हिला आत्तींचं नाव ठेवणार, अनसूया. ठेवा. नावात विष नसतं. पण आज संध्याकाळी बारशाला, पाळण्यात घालताना, वन्सं हिच्या हिरड्यांना आत्तींच्या डबीतली चिमूटभर मिश्री लावणार आहेत. आईला खूण पटायला. मी नको म्हटलं तर वन्सं रडल्या. नवरा म्हणाला, "अगं, बोटभर तर लावायचीय. त्यांचं मन राहू दे."

मिश्री म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड. तिनंच आत्तींचा गाल आतून खाल्ला. आणि ही माणसं ती माझ्या लेकीच्या तोंडात घालणार, कौतुकानं.

डबी पाळण्याजवळच ठेवलीय. पितळी, घट्ट झाकणाची. तिच्याकडे बघत बघत मी कलते.

"सरक वाईच," कुणीतरी म्हणतं.

आत्ती पलंगाच्या कडेला बसल्यात. हिरवं नऊवारी, गालाला पट्टी. मी सरकते तर पलंग नाहीच, गावाकडच्या घरामागची मोरी आहे. कडेच्या दगडावर काळ्या थुंकीचे ओघळ, वर माश्या. बाळ माझ्या मांडीवर तसंच झोपलेलं. मी त्याच्या तोंडावर ओढणी धरते.

"इथं नका आणू हिला," मी म्हणते.

"मी कशाला आणीन? तूच आलीस." त्या बोटानं दात घासतायत, आणि बोट गालातून आरपार बाहेर दिसतं. "घाण वाटती?"

"वाटते."

"मला बी वाटायची. पहिल्या बाळंतपणात दाढ ठणकायला लागली, तवा सासूनं तोंडात कोंबली. वकले मी. मग सुटलीच न्हाई. आन् ही म्हणत्यात आईची आवड!"

मोरीचं पाणी तुंबत जातं, पांढरं होतं, त्याला फिनेलचा वास येतो. आता फरशी आहे, लोखंडी खाट आहे, सलाईनचा स्टँड आहे. आत्ती खाटेवर आडव्या. मी उशाशी कापूस घेऊन उभी. पट्टीखालून पिवळं येतंय. तो वास. दोन महिने भातालासुद्धा येत होता तो वास.

"वन्सं सगळ्यांना सांगतात, आई हसत हसत गेली," मी म्हणते.

"हसत!" त्यांचा ओठ एका बाजूला ओढला गेलाय, दात उघडे. "तोंड मिटत न्हवतं गं माजं."

"मग त्या असं का सांगतात?"

"माजी लेक वैजी या खोलीत आली हुती का कधी? दारातनंच माघारी जायची, पदर नाकाला लावून. आता गोष्टीत येती बिचारी. माणसाला गोष्ट लागती. त्याबिगर घास उतरत न्हाई."

"त्यांची गोष्ट माझ्या पोरीच्या तोंडात कशाला?"

आत्ती माझ्याकडे बघतात. त्या नजरेत जरा गंमत आहे. "आन् तुजी गोष्ट काय? सासू सपनात आली, माज्या बाजूनं बोलली. व्हय ना?"

मी नवा कापूस घेते. मग मी विचारते, कारण मला विचारायचंच आहे, "तुम्ही परत आलाय का? हिच्यात?"

"या तोंडानं?" त्या खुदकन हसतात. "जीव सुटला माजा, ऋतुजा. परत कशाला पाठवताय? तिचं ती कोरं तोंड घिऊन आलीया. राहू दे की कोरं."

खाटेचा पाळणा झालाय. झेंडूच्या माळा, घुगऱ्यांचं ताट, बायकांचे हात पुढे पुढे येतायत, प्रत्येक हाताचं बोट काळं. आत्ती बायकांमधून वाट काढत येतात, डबी उचलतात, झाकण नखानं उडवतात. वाकून बाळाचं तोंड बघतात. दुरूनच. हात लावत नाहीत.

"माजं तोंड, माजी डबी," म्हणतात, आणि भरल्या तोंडानं डबीत थुंकतात. "लावू दे आता कोण लावतंय ती."

मी डोळे उघडते. ऊन भिंतीवरून खाली उतरलंय. बाळ कुशीत आहे. मी आधी करंगळीनं त्याच्या हिरड्या चाचपते. मऊ, गुलाबी, स्वच्छ. माझं स्वतःचं तोंड कोरडं पडलंय, जीभ टाळूला चिकटलीय.

डबी जागेवरच आहे. मला कधीच न निघणारं झाकण बोट लागताच सुटतं. आत पूड नाही. काळा, ओला, बुडबुड्यांचा चिखल आहे. आणि वास. तंबाखूचा नव्हे, तो दुसरा. भाताला यायचा तो.

मी झाकण लावते.

"ऋतुजा, झाली का झोप?" वन्सं दारात. नवी साडी, हातात हळदीकुंकवाचं ताट, डोळे आत्ताच रडून आल्यासारखे. "बायका जमल्या गं. आईची डबी दे."

मी बाळाला छातीशी धरते आणि दुसऱ्या हातानं डबी पुढे करते.

"घ्या. पण आधी उघडून बघा, वन्सं. त्यांचीच आहे."

वन्सं हसून झाकण काढतात. आणि त्यांचा पदर आपसूक नाकाकडे जातो.