टपावरचं नाव

मोटरवाल्या काकू आपल्या गाडीत बसल्या की समोर कधी बघत नसत, वर बघत. बाकीचे उतारू खिडकीतून संत्र्याच्या बागा बघायचे, सौंसरकडची कापसाची पऱ्हाटी यंदा कशी आहे त्यावर वाद घालायचे. काकूंची नजर टपाच्या आतल्या फळ्यांवर. नव्या माणसाला वाटायचं, बाई मोठी भाविक आहे. बाई गळती शोधत असायच्या.

नात्याने त्या माझ्या कोणी नव्हत्या, साऱ्या पांढुर्ण्याच्याच काकू होत्या. आता त्यांना जाऊनही बरीच वर्षं झाली. गाडी त्यांच्या यजमानांची, गणपतरावांची. दुसऱ्या महायुद्धानंतर मोडीच्या भावात घेतलेली, तरी गणपतरावांना तिचा अभिमान फार. नागपूरहून एक लाकडी फळी रंगवून आणून त्यांनी ती टपाच्या पुढच्या अंगाला दोन लांब बोल्टांनी आरपार कसून बसवली: ‘गणपतराव मोटर सर्विस’. तेव्हापासून गाव गाडीलाच गणपतराव म्हणू लागलं. गणपतराव आज उशिरा आले, गणपतराव तिगावच्या नाल्यात फसले, असं खुशाल बोलायचं. मालक वारले त्या दिवशीही स्टँडवर दोघा-तिघांना वाटलं की गाडीच बंद पडली. काकू जुन्या वळणाच्या. नवऱ्याचं नाव त्यांच्या तोंडून कधी निघालं नाही. त्यामुळे उभ्या गावात त्या एकट्याच गाडीला नुसतं ‘गाडी’ म्हणत.

पावसाळ्यात या गाडीत बसायचं म्हणजे घरून छत्री न्यायची आणि आत उघडायची. आम्हाला त्याचं काही वाटत नसे. गणपतरावांनी धार पडेल तिथे गोणपाट कोंबायचं एवढंच केलं. काकूंनी तसं केलं नाही. त्या म्हणायच्या, “पानी पडते तिथून थोडीच येते? ते लय चालून येते.” मग त्यांनी एक युक्ती काढली. हळद आणि चुना कोरडाच खलून फळ्यांच्या सांध्यांवर चोळायचा, ड्रायव्हर महादेवला घागर घेऊन टपावर चढवायचं आणि मागून पुढे थोडं थोडं पाणी ओतायला लावायचं. पाणी लागलं की ती पिवळी पूड लाल होई आणि पाण्याची वाट दिसे. कपाळ मोकळं असलेली बाई टपाखाली मान वर करून लाल रेघा शोधते आहे, हे पाहायला स्टँडवर गर्दी व्हायची. काही जण हसायचेही. काकू त्यांना म्हणायच्या, “हसून राहिले तं हसा, पन भिंतीपाशी हसा, उजेड सोडा.”

एक गोष्ट मात्र सगळ्यांच्या लक्षात आली होती. लाल रेघ कुठेही उमटो, तिचा माग काढत गेलं की ती फळीच्या त्या दोन बोल्टांपाशीच पोचायची. महादेवला ते दिसत होतं, मला दिसत होतं, आणि काकूंना तर पहिल्याच दिवशी दिसलं असणार. पण त्या बोट दुसरीकडे दाखवायच्या. काचेपाशी डांबर लाव, मागच्या कोपऱ्यात लाख भर. सगळी गाडी लिंपून झाली, पाणी तिथूनच येत राहिलं. महादेव मला म्हणाला, “बोल्ट काढा लागते भाऊ. पन मालकाचं नाव उतरव म्हनून काकूले सांगनार कोन? तुमी सांगा, तुमी बी.ए. आहे.” आमच्या घरात माझ्याआधी सही करणारा माणूस नव्हता आणि मी बी.ए. झालो, हे मी कोणालाही न लाजता सांगतो. पण हे काम बी.ए.चं नव्हतं.

अशात छप्पन साल आलं. आम्ही जागचे हललो नाही, सरकार हललं. काल नागपूर आमची राजधानी होती, आज ती परराज्यात गेली आणि आम्ही भोपाळचे झालो. गावातल्या सगळ्या पाट्या रंगवायला निघाल्या. पांढुर्ण्यात रंगाऱ्याइतका खूष माणूस दुसरा नव्हता. काकूंना सरकारी मोटर खात्याचा निरोप आला: गाडी छिंदवाड्याला आणून दाखवा, कोरडी असेल तरच रस्त्यावर चालेल, आणि मालक कोण तेही नव्याने सांगा.

याच दिवसाची काकूंचे धाकटे दीर नत्थूजी वाट पाहत होते. गाडी पास झाली नाही तर ते ती मोडीत काढणार होते. पास व्हावी म्हणून फळी काढली तर त्यांचं दुसरं म्हणणं तयार होतं: “वहिनी, दादाचं नावच उतरवलं तं मंग गाडी तुमची कायची? मंग ते साऱ्या घरची झाली. मी पाहीन तिचं.” म्हणजे पाणी आलं तरी गाडी नत्थूजींची, थांबलं तरी त्यांचीच.

 तिसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी स्टँडवर, नत्थूजींच्या समोर, महादेवला पाना घेऊन वर चढवलं. बोल्ट गंजलेले, हलेनात. नत्थूजी म्हणाले, पाहा, दादाच नाही म्हणून राहिला. काकू खालून म्हणाल्या, “मी नाव नाही काढून राहिली भाऊजी, पानी बंद करून राहिली. महादेवा, जोर लाव.” फळी निघाली तशी त्यांनी ती दोन्ही हातांनी झेलली आणि पदराने पुसली. भोकांवर चामड्याच्या चकत्या बसवून वर लाख ओतली.

छिंदवाड्याला साहेबाशी बोलायला काकूंनी मला नेलं. न बोलावता नत्थूजीही गाडीत बसले. साहेब तरुण, भोपाळकडचा. त्याने टपावर बादल्या ओतवल्या आणि स्वतः आत जाऊन बसला. एक थेंब पडला नाही. बाहेर येऊन त्याने विचारलं, “गाड़ी किसकी है?”

 काकूंनी सांगायचं तर आधी नवऱ्याचं नाव घ्यावं लागणार. नत्थूजी एक पाऊल पुढे आले आणि म्हणाले, “साब, मैं बताता हूँ.” तेवढ्यात काकूंनी पदर सावरला. त्यांच्या वळणात नाव घ्यायची एकच रीत होती, त्याच रीतीने काकू त्या आवारात, ट्रकांच्या आणि कारकुनांच्या मधोमध, बोलल्या:

“फळी काढली टपावरची, पानी राह्यलं बाहीर,
गणपतरावांची गाडी आता माझी, करते मी जाहीर.”

महादेवने तोंड फिरवलं. साहेबाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, “कहती हैं, गाड़ी इनकी है.” माझ्या शिक्षणाचा याहून चांगला उपयोग पुढे कधी झाला असेल असं मला वाटत नाही.

 परतीच्या वाटेवर महादेव प्रत्येक थांब्यावर उतरून सगळी हकीकत सांगत होता, त्यामुळे उशीर होत होता. सौंसर आल्यावर काकू उठल्या आणि तिकिटं फाडू लागल्या. नत्थूजी खिडकीतून बाहेर बघत बसले होते. घरचा माणूस म्हणून त्यांनी या गाडीत आजवर तिकीट काढलं नव्हतं.

काकू त्यांच्यापाशी थांबल्या. “कुठं उतरनार, भाऊजी?”

नत्थूजींनी खिशात हात घातला.