विमानावरचं नाव

माझे काका हवाई दलात होते, ही वस्तुस्थिती आहे. ते लढाऊ विमान चालवत होते, ही आमच्या गावातली समजूत आहे. गावात दोन्ही गोष्टी एकाच सुरात सांगितल्या जातात. प्रत्यक्षात काका स्टोअरमध्ये होते. घोंगड्या, बूट, मच्छरदाण्या, ताडपत्र्या आल्या की उतरवून घ्यायच्या आणि मागणी आली की द्यायच्या, हे त्यांचं काम. विमानं त्यांना स्टोअरच्या दारातून दिसत. बहुतेकदा नुसता आवाज येई.

गाव तुमसरहून बपेऱ्याकडे जाताना लागतं. ही समजूत कशी तयार झाली याची चौकशी मी केली आहे. नोकरीला लागल्यावर काका पहिल्या सुटीत घरी आले, तेव्हा तलावाच्या पाळीवर कोणीतरी विचारलं, "मंग इमान तूच चालवतस का गा?" काका हसले. हसणं म्हणजे होकार, असं धरलं गेलं. गावाचा विचार सरळ होता. बसखात्यात जो आहे तो बस चालवतो, चिखल्याच्या खाणीत जो आहे तो खाणीत उतरतो, मग तो तिथे चहा का करत असेना. काका कधी खोटं बोलले नाहीत. खरं सांगायचाही प्रसंग त्यांनी येऊ दिला नाही. काकू तेवढी घरात खऱ्याची आठवण ठेवत असे. "पायलट साहेब," ती म्हणायची, "तेवढ्या घोंगड्याची घडी करून ठेवा. सवय हाय ना तुमाले."

मागच्या हिवाळ्यात ग्रामपंचायतीच्या सभागृहाला नवी फरशी लागली आणि एका कोपऱ्यात काय ठेवायचं हा प्रश्न निघाला. सरपंच नात्याने काकांची चुलत सून. नागपूरच्या वर्तमानपत्रातली नोकरी सुटल्यापासून मी तुमसरला घरी बसून प्लास्टिकची छोटी विमानं जोडतो, हे तिला ठाऊक होतं. ती आली आणि बसायच्या आधीच बोलली.

"भाऊजी, मामाजी चालवत होते ते इमान बनवून द्या. सव्वीस जानेवारीले ठेवतो."

"ते स्टोअरमध्ये होते," मी म्हणालो.

"हो ना, इमान स्टोअरमंदीच ठेवत असतीन," ती म्हणाली. "बाहेर पान्यापावसात कोन ठेवते?"

दुरुस्तीचा हा माझा पहिला प्रयत्न. तो नोंदवून मी कामाला लागलो.

विमान सोव्हिएत बनावटीचं, त्रिकोणी पंखांचं, एका इंजिनाचं. प्रत्यक्षाच्या बहात्तराव्या भागाएवढं, म्हणजे वीतभर. सुटे भाग प्लास्टिकच्या चौकटीला चिकटून येतात. ते कापायचे, कडा घासायच्या, जोडायचे, फटी लुकणाने भरायच्या, पुन्हा घासायच्या. मग चंदेरी रंग. तुमसरात ओला रंग उघड्यावर ठेवता येत नाही. राईस मिलच्या भुशाची काळी राख खिडकीतून येते आणि बरोबर पंखावर बसते. पहिला हात मला खरवडून काढावा लागला. दुसऱ्यांदा विमान वाळेपर्यंत भाताच्या पातेल्याखाली झाकून ठेवलं.

काका पाहायला आले. खुर्ची ओढून बसले आणि विमान सगळ्या बाजूंनी न्याहाळलं.

"पायलट चढते कुठून?"

"डाव्या बाजूनं. शिडी लावतात."

"डावी बाजू," काकांनी पाठ केलं. "बरं झालं सांगितलंस. कोनी इचारलं तर?"

म्हणजे त्या दिवसापर्यंत त्यांची काही हरकत नव्हती.

मग खुणा लावायचं काम आलं. या खुणा कागदावर छापून येतात. एकेक कापायची, कोमट पाण्यात भिजवायची, थोड्या वेळाने कागदावरून सुटते. ओल्या ब्रशने ती पंखावर सरकवायची, जागेवर आणायची, खालचं पाणी कापसाने टिपायचं. त्याआधी रंगावर चकचकीत वार्निशचा हात द्यावा लागतो, नाहीतर खुणेखाली हवा राहते आणि ती पांढुरकी दिसते. घाई केली तर खूण फाटते. उशीर केला तर चिकटून बसते, मग हलत नाही.

शेपटीवरचे तीन पट्टे मी लावत होतो. काकांनी हात पुढे केला.

"केशरी वरतं पायजे ना बाबू?"

"विमानाच्या शेपटीवर पट्टे उभे असतात, काका. केशरी पुढं."

"असं का," काका म्हणाले. एवढ्या वर्षांच्या नोकरीत ही गोष्ट त्यांच्या लक्षात आलेली नव्हती. स्टोअरच्या दारातून बहुधा शेपूट दिसत नसावी.

मग म्हणाले, "एक मले लावू दे."

मी उजव्या पंखावरचं चक्र दिलं. बाहेर केशरी, मध्ये पांढरं, आत हिरवं. त्यांनी श्वास धरून ते सरकवलं. किंचित तिरकं बसलं. ब्रशच्या टोकाने त्यांनी ते सरळ केलं, आणि मी सांगण्याआधीच कापूस उचलला. बराच वेळ ते तसेच वाकून पाहत राहिले.

"हे आमच्या स्टोअरच्या दारावर होतं," ते म्हणाले. "एवढं मोठं. रोज खालून जात होतो."

त्याच आठवड्यात सरपंचाने एक पाकीट पाठवलं. तुमसरात गाड्यांच्या नंबरप्लेटा आणि ट्रकच्या दारांवरची अक्षरं कापून देणारं रेडियमचं दुकान आहे, तिथलं स्टिकर. लाल अक्षरांत 'फायटर पायलट', त्यापुढे काकांचं पूर्ण नाव, शेवटच्या अक्षरातून निघणाऱ्या ज्वाळा. स्टिकर विमानापेक्षा लांब होतं. अडचण तिच्याही लक्षात आली असावी, कारण सोबत एक बारीक स्टिकरही होतं आणि निरोप होता: लहान पायलटच्या खिडकीखाली, मोठं विमानाखालच्या चौथऱ्यावर.

काकांनी लहान स्टिकर बोटावर घेतलं. चक्राजवळ धरून पाहिलं. परत पाकिटात ठेवलं.

"हे नाही लागत."

"नुसतं नाव लावू," मी म्हणालो. "हुद्दा कापून टाकू."

"इमानावर नाव मंजे काय होते, तुले समजत नाही का? पेपरात होतास ना?" ते चिडले होते. "तोंडी होतं तवर ते लोकायचं होतं. लिवलं का माहं होते."

संपादकीय विभागात हे इतक्या थोडक्यात कोणी सांगितलं नव्हतं.

त्यांनी ठरवलं की झेंडावंदनानंतर माईकवर सांगून टाकायचं. काकूला ते पटलं नाही.

"आता कायले उकरून काढता? सारा गाव तोंडावर हासन."

"हासू दे."

"तुमाले काय, तुमी घरात बसान. पान्याले, दळनाले मले जा लागते."

पुढचे दिवस काका एकच वाक्य पुटपुटत असत, आणि कोणी अंगणात आलं की थांबत. ज्यांनी त्यांना आयुष्यभर मान दिला त्यांच्यासमोर उभं राहून तो परत करायचा होता. भीती दिसत होती.

सव्वीस जानेवारीला विमान सभागृहात काचेच्या पेटीत होतं. चौथरा ग्रॅनाइटचा, कमरेएवढा उंच. त्यावर वीतभर विमान. एक म्हातारा काचेला नाक लावून म्हणाला, "एवढुसं? यात मानूस बसे कसा?"

"नमुना हाय ना बुढ्या तो," मागून कोणी म्हणालं. "खरं इमान मोठं रायते, ट्रॅक्टरपेक्षा."

काकांना माईक दिला. त्यांनी दोन्ही हातांनी धरला. "मी इमान चालवलं नाही," ते म्हणाले. "कधीच नाही. मी स्टोअरमंदी होतो. घोंगड्या वाटत होतो."

काकूने पदर तोंडाला लावला. मग मागच्या रांगेतून एक निवृत्त मास्तर उठले आणि त्यांनी सावकाश टाळ्या वाजवायला सुरुवात केली. बाकीचे उठले.

"याले म्हनतात फौजी!" मास्तर वळून लोकांना म्हणाले. "सरकारची शपथ रायते. मरेपर्यंत सांगत नाहीत."

"घोंगडी मंजे बॉम्बच असन," माझ्याशेजारचा मिलमधला हमाल शेजाऱ्याला सांगत होता. "थेट नाव घेत नाहीत ते."

"मी खरं सांगून राहिलो ना बाप्पा!" काका माईकवर ओरडले. टाळ्या वाढल्या. सरपंच डोळे पुसत पुढे आली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि सासऱ्यांच्या पाया पडली. मोठं स्टिकर चौथऱ्यावर आधीच लागलेलं होतं. हुद्द्यावर हार आला होता, त्यामुळे त्या दिवशी नुसतं नाव आणि ज्वाळा दिसत होत्या.

तालुक्याच्या बातमीदाराने बातमी दिली. माजी लढाऊ वैमानिकाने आपल्या कामगिरीविषयी बोलणं विनयाने टाळलं, असं तीत होतं. मी खुलासा पाठवला. तो छापून आला नाही. जागेच्या अडचणीचा अनुभव मला आहे.

कार्यक्रमानंतर आम्ही तिघं पाळीवरून घरी निघालो. काकू पुढे चालत होती. दळणाला जाण्याची तिची चिंता मिटली होती, पण ते कबूल करण्याइतकी ती खूश नव्हती.

"तू ऐकलंस ना?" काकांनी मला विचारलं. "साफ सांगितलं ना मी?"

"साफ सांगितलं."

"मंग झालं."

समोरून धानाचं पोतं घेऊन एक सायकलवाला आला. उतरला आणि म्हणाला, "रामराम, पायलट साहेब." आजवर या हाकेला काका मान खाली घालून पुटपुटत. आता ते थांबले, मान वर केली, आणि कसलंही ओझं नसलेल्या माणसाच्या आवाजात म्हणाले, "रामराम. घरी या ना चहाले."