दोन माणसांची गाडी

माझ्या गाडीत दोनच माणसं बसतात. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे कुणी मागची सीट शोधत बसायला नको. ती मी स्वतःच्या हाताने उपटून काढली. कारखान्यातून आली तेव्हा मागे सीट म्हणायला होती, पण तिथे माणूस सोडा, नाचणीचं पोतंसुद्धा धड बसलं नसतं. काढली, तेवढंच वजन हलकं झालं.

गाडी दोन दारांची, बुटकी, पांढरी, परदेशी बनावटीची. पेट्रोल इंजिन, त्याला टर्बो. कुणा पैसेवाल्याने हौसेने घेतली होती, आणि ठाण्यात एका पावसाळ्यात इमारतीच्या तळघरात पाणी शिरलं तेव्हा ती छपरापर्यंत बुडाली. विमावाल्यांनी तिला मेलेली ठरवली. मी तेव्हा ठाण्यातल्या एका गॅरेजात कामाला होतो. गेलो होतो बिगारी म्हणून. भातकापणी झाली की आमच्याकडची निम्मी माणसं जातात, तसाच. फक्त विटांऐवजी माझ्या हातात पाना आला आणि तो काही सुटला नाही. ही गाडी गॅरेजच्या मागे चिखलाने भरून पडली होती, भंगारवाला न्यायला येणार होता. मी उस्तादला म्हटलं, ही मला द्या. उस्ताद हसला. म्हणाला, "तेरे गाँव में रोड है क्या?"

आहे रोड. लाईट आहे, मोबाईलला रेंजही असते बऱ्याचदा. पण हा प्रश्न मला जन्मभर कुणी ना कुणी विचारत आलंय. जव्हार म्हटलं की समोरचा माणूस आधी धबधब्याबद्दल बोलतो आणि मग आवाज खाली आणून म्हणतो, ते वावर, कुपोषणाने पोरं गेली ते गाव, तुमच्या जवळच का हो? आणि हळूच माझ्या पोटाकडे बघतो. माझं पोट चांगलं सुटलेलं आहे. त्याची जरा निराशा होते.

पुढे मी ठाणं सोडलं, जव्हारला जीपस्टँडच्या जवळ स्वतःचं गॅरेज टाकलं आणि ती गाडी ट्रकवर घालून आणली. इंजिन सगळं खोललं. वायरिंग फेकून दिलं, नवं ओढलं. जीपांची, ट्रॅक्टरांची कामं आटोपली की उरलेला वेळ तिचा. एके दिवशी ती आपल्या पायांनी चालायला लागली, तेव्हा मी ती थेट आमच्या पाड्यावर नेली.

आमचा पाडा साखरशेतच्या बाजूला. तिथे नवी गाडी आली की ती एकट्याची राहत नाही. आई बॉनेटला कुंकू लावते, तांदूळ टाकते, नारळ फुटतो, आणि मग सगळा पाडा तिच्यात बसून एक फेरी मारून येतो. त्या दिवसापासून ती 'आपली गाडी' होते. कुणाचं लग्न, कुणाचा ताप, कुणाचं तालुक्याचं काम, सगळ्याला ती जाते. माझ्या थोरल्या भावाची जीप अशीच सगळ्यांची आहे. जव्हार ते मोखाडा अशी तो ती चालवतो, आणि तिच्यात किती माणसं मावतात याचा हिशेब आरटीओने न विचारलेलाच बरा.

नारळ फुटला. भावाने दार उघडलं, आत वाकून पाहिलं, बाहेर आला.

"मागं बसायचं कुठं?"

"मागे नाही बसायचं," मी म्हटलं. "दोघांचीच आहे."

त्याने दार धाडकन लावलं. मग म्हणाला, "बारक्या, तू येडा झालास."

पाडा हसला. मला त्याचं काही वाटलं नाही, हसू देत. पण मी आईला म्हटलं, चल आये, पहिली तू बस, तर ती दोन पावलं मागे सरली.

"मी नाय बसायची. तुझ्या गाडीत मानसांना जागा नाय. पाड्यासमोर कोन्त्या तोंडानं बसू?"

आणि हातातलं कुंकवाचं ताट घेऊन ती घरात निघून गेली.

हे लागलं. खोटं कशाला बोलू? बाकीच्यांनी नाकं मुरडली असती तरी मी शीळ घालत निघालो असतो. पण आईने शरमेने मान खाली घालावी असं मी काय केलं होतं? त्याच संध्याकाळी भावाने उपाय सांगितला. ही कुणा हौशी शहरवाल्याला विक, दुसरी जीप घेऊ, दोघं मिळून चालवू, आईपण बसेल. सगळे बरोबर म्हणाले. मला तर कुणी विचारलंच नाही, कारण माझं उत्तर काय असायला पाहिजे ते सगळ्यांना ठाऊकच होतं.

मी नाही म्हटलं. आणि तिथूनच मी हट्टाला पेटलो. गाडी विकायची नाही. मागची सीट परत बसवायची नाही. उलट तिची ताकद वाढवायची. आणि आईला तिच्यात बसवायचंच.

टर्बो म्हणजे काय ते आईला मी एकदा चुलीवरून सांगितलं होतं. चूल पेटत नसली की तू फुंकणीने वारा घालतेस ना, तशी ही इंजिनाची फुंकणी. फरक इतकाच की इंजिन आपल्याच धुराच्या जोरावर यातला पंखा फिरवतं आणि आपल्याच पोटात जास्तीची हवा कोंबून घेतं. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त जोर. आई म्हणाली, "मंग फुंकणारा दमत नाय का?" नाही म्हटलं. हे तिला आवडलं होतं.

ताकद वाढवायची तर मोठा टर्बो, हे उस्तादचं म्हणणं. त्याने फोनवरच सांगितलं, "बड़ा डाल, बाकी सब भूल जा." मी त्याचं ऐकलं, मोठा बसवला. धूर बाहेर टाकायची नळीही रुंद केली. हवा थंड करणारा जाळीचा डबा पुढच्या बंपरमागे लावला, कारण थंड हवा दाटीने आत जाते. गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये नवे आकडे भरून आणले. नाशिकच्या हायवेवर नेली तर अशी पळाली की मी एकटाच मोठ्याने हसत होतो.

मग तीच गाडी मी दाभोशा धबधब्याच्या वळणावळणाच्या रस्त्याला घातली आणि हसू मावळलं. वळणातून बाहेर पडताना पाय दाबला. काही नाही. मोठा पंखा, त्याला गरगर फिरायला वेळ लागतो. वाट बघा. अजून बघा. आणि पुढचं वळण तोंडावर आलं तेव्हा सगळी ताकद एकदम धावून आली. गाडीचं नाक सरळ दरीकडे निघालं. मी कारवीच्या झुडपांत घुसून थांबलो. त्या कारवीचे उपकार आहेत.

तिथे बॉनेटवर बसून मला जो राग आला, तो अजून गेलेला नाही. हेच, हेच तर आमचं आयुष्य! मागायचं, मग वाट बघायची, आणि हवं तेव्हा न येता ते भलत्याच वेळी येणार. रस्ता असा आला, डॉक्टर असा आला, बियाणं तर पेरण्या उरकल्यावर येतं. निदान माझ्या पायाखालची एक वस्तू तरी, मी मागितल्या क्षणी उत्तर देणारी, मला नको का?

मोठा टर्बो मी उतरवला. कंपनीच्या मूळ टर्बोपेक्षा किंचितच मोठा, पण आत छर्‍यांचं बेअरिंग असलेला दुसरा मिळवला. तो झटकन फिरतो. हवेचे पाईप आखूड केले, म्हणजे भरायला कमी जागा. फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाच्या टोकाचं जड चाक, हलकं टाकलं. त्याआधी ब्रेक मोठे केले, कारण कारवी प्रत्येक वळणावर नसते. शहरातली पोरं आपल्या गाड्या जमिनीला टेकवतात, मी माझी उचलून घेतली, आमचे गतिरोधक ज्याने पाहिलेत त्याला कारण विचारावं लागणार नाही. उस्तादने कपाळाला हात लावला. "पावर कम कर दिया पागल ने!" मोठ्या टर्बोच्या मानाने कमी झालीच. पण आता दाबलं की लगेच. बोट ठेवलं की मांजर कान हलवतं, तितकं लगेच. घाटात मला एवढंच हवं होतं.

याच सुमारास गॅरेजात टायरमध्ये हवा भरायला एक बाई आल्या. आमच्या भागात कुठल्याशा प्रकल्पावर काम करतात, माणूस म्हणून चांगल्या. गाडी बघून त्या हळहळल्या. म्हणाल्या, "इथे इतक्या गरजा असताना हे... म्हणजे याचा समाजाला काय उपयोग?" मी म्हटलं, काहीच नाही. त्यांना वाटलं मी चिडलो. चिडलोच होतो. आमच्याकडे जे जे आलं ते उपयोगाचं आलं. शिलाई मशीन आली, शेळ्या आल्या, पोषणाच्या पुड्या आल्या, सोलरचे दिवे आले. त्यांना नावं ठेवत नाही, त्यांनी माणसं जगली. पण आम्ही जगलो हेच पुरे, हे कुणी ठरवलं? मुंबईतला माणूस हौस करतो तेव्हा त्याच्याकडे समाजाचा उपयोग कुणी मागत नाही. मग माझ्याच हौसेने दाखला का आणायचा?

आता तुम्हाला वाटत असेल की मी पुढे सांगणार, अडलेल्या बाईला या गाडीने दवाखान्यात वेळेवर पोचवलं आणि पाड्याचे डोळे उघडले. नाही. तसलं काही झालं नाही. त्यासाठी १०८ची गाडी आहे आणि भावाची जीप आहे, आणि जीप अडली तर ती फुकटात दुरुस्त करणारा मी आहे. ही गाडी कुणाला वाचवायला घेतलेली नाही. ती माझ्या सुखासाठी आहे.

पण आई बसत नव्हती. मी पाड्यावर गेलो की ती गाडीवरून फडकं फिरवायची, आरसे पुसायची, आत मात्र पाय टाकत नव्हती. भाऊ मला मिशीतल्या मिशीत हसायचा. कधीकधी वाटायचं, बसवून टाकावी सीट, संपवावं एकदाचं. एकदा तर ती सीट माळ्यावरून खाली काढली. धूळ झटकली. मग स्वतःचीच चीड आली आणि परत वर टाकली.

गेल्या उन्हाळ्यात मोखाड्याच्या पलीकडे, आईच्या माहेरी, तिच्या भाचीची हळद होती. आई नवं लुगडं नेसून, डब्यात तांदळाचं पीठ घेऊन सकाळीच भावाबरोबर जव्हारला आली आणि स्टँडवर त्याच्या जीपमध्ये बसली. जीप भरल्याशिवाय हलत नाही, हा स्टँडचा नियम. भावाचा नंबर होता, भाऊ ओरडत होता, "मोखाडा, मोखाडा!" माणसं काही येत नव्हती. उन्हं चढली. आई पदराने वारा घेत बसली होती. मी गॅरेजच्या दारातून बघत होतो. बोलावलं नाही. सारखं बोलवायचं ते किती?

मग तीच उतरली. भावाला म्हणाली, "तुझी गाडी भरंपरेंत हळद वाळंल तिकडं." डबा काखेत घेऊन रस्ता ओलांडून माझ्या गाडीपाशी आली, दार तिला उघडता येईना, तर तिने काचेवर टकटक केलं, जणू आत मी बसलोय. मी धावलो.

बसताना ती खूप खाली गेली आणि "अगो बाय" म्हणाली. पट्टा लावून दिला. डबा मांडीवर. मी इंजिन चालू केलं तरी ती दाराकडे बघत होती.

"आता कोन येयाचा हाय?"

"कोणी नाही आये."

"कोनीच नाय?" तिने एकदा मागे पाहिलं, तिथे नुसता पत्रा. मग तिने कोपरं जरा मोकळी सोडली. साठी ओलांडलेली माझी आई जन्मात पहिल्यांदाच कुणाची कोपरं न लागता प्रवास करत होती.

गाव सुटेपर्यंत मी हळूच नेली. पुढे रस्ता मोकळा झाला, चढ आला, मी पाय दाबला. तिची पाठ सीटला टेकली. पाय सोडला तशी टर्बोची हवा सुस्कारा टाकून बाहेर पडली. "कोन बोल्ला?" तिने दचकून विचारलं. फुंकणी, मी म्हटलं. ती हसायला लागली. पुढच्या वळणानंतर म्हणाली, "अजून एकदा फुंक." मी फुंकलं. प्रत्येक चढाला फुंकलं. तिने एक हात डब्यावर घट्ट धरला होता आणि दुसऱ्या हाताने पदर सावरायचं कधीच सोडून दिलं होतं.

मोखाड्याच्या नाक्यावर तिच्या माहेरचा एक माणूस पिशवी घेऊन उन्हात उभा होता, हळदीलाच निघालेला. त्याने तिला ओळखलं, तोंड वासून गाडीकडे पाहिलं, आणि हात केला. मी थांबलो. आता ती उतरून आपली जागा त्याला देणार, हे मला माहीतच होतं. जन्मभर तिने तेच केलं होतं.

तो वाकून म्हणाला, "बाय, जागा हाय का गं?"

आईने काच खाली करायचं बटण शोधलं, तिला ते सापडलं. काच पूर्ण खाली गेली.

"नाय रं," ती म्हणाली. "गाडी भरली. मागून माझा थोरला येतो हाय जीप घेऊन, तीत बस."

मग ती माझ्याकडे वळली आणि जरा रागानेच म्हणाली, "चल ना. थांबलास कशाला?"