डाव्या खांद्याची बंदूक

जावई हा दहावा ग्रह, असं आपल्यात म्हणतात. माझा ग्रह अमेरिकेहून आला होता आणि बोलत नव्हता. लेकीने तिकडेच लग्न केलं, आम्ही ते फोनवर पाहिलं, आणि आता दोघं दोन आठवड्यांसाठी आमच्याकडे बहारीनला आली होती. आम्ही त्याला सखीरचा रेसचा ट्रॅक दाखवला, अदलियात जेवायला नेलं. तो सगळ्याला मान डोलवायचा, "थँक यू, मॅम" म्हणायचा, की खलास. मला त्याच्याशी चार शब्द बोलायचे होते. लेक इतक्या लांब गेलेली. निदान तिच्या घरी फोन केला आणि त्याने उचलला, तर माझी जीभ टाळ्याला चिकटू नये, एवढंच मागणं होतं.

त्यात त्याची एक सवय मला खटकायची. मी ओट्याशी असले की तो माझ्या हातांकडे टक लावून बघायचा. वाढतानासुद्धा.

"तिखट किती घालतंय ता बघता वाटता," मी नवऱ्याला म्हटलं.

"मग विचार त्याका. यल्ला, काय तरी बोल तरी," म्हणून नवरा सित्राला ड्युटीवर निघून गेला.

त्या सकाळी लेक आतल्या खोलीत ऑफिसच्या कॉलवर होती. जावई टेबलाशी लॅपटॉप उघडून बसला होता. मी घावणा वाढायला गेले, तर पडद्यावर बंदुकाच बंदुका!

"हे इथे नको हं मागवू," मी माझ्या ऑफिसातल्या इंग्रजीत सांगितलं. "कस्टमवाले आधी माझ्या नवऱ्याला धरतील."

तो पहिल्यांदा मोकळा हसला. म्हणाला, हे बंदूक बांधायचं किट आहे, ते तिकडे त्याच्याच घरी येणार. सगळे भाग सुटे येतात. लाकूड तासायचं, नळी बसवायची, पॉलिश करायचं. हिवाळाभर गॅरेजमध्ये बसून करायचं काम.

मग मी नीट बघितलं. लांबलचक नळी, तिच्याखाली खोचलेला गज. अरे, ही तर ठासणीची! इंग्रजी शब्द काही केल्या सुचेना. मी लाटणं उचललं आणि रिकाम्या थर्मासमध्ये ठासून दाखवलं. आधी दारू, मग काथ्या, मग छरे, वर पुन्हा काथ्या. जावई खुर्चीतून उठलाच.

माझ्या वडिलांकडे होती तशी बंदूक. कोकणात रानडुकरांपासून भात राखायला, परवान्याची. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची आणि तेवढे दिवस डुकरांची चंगळ. बार वडील काढायचे, ठासायचं काम माझं. गज आतून टणकन उसळला की पुरे, हे मला कानाने कळायचं.

जावयाचं तोंड उघडलं ते मिटेना. तीन किटांमध्ये त्याचं अडलं होतं. एकाच्या नळीला आतून चरे होते. मी म्हटलं, गुळगुळीत नळीचं घे, छरेही चालतात आणि गोळीही. दुसऱ्याला ठिणगी पाडायला गारगोटी होती, दिसायला झकास. पण दमट हवेत गारगोटी दगा देते, असं वडील म्हणायचे. त्यापेक्षा केपेचं बरं. केप म्हणजे एवढीशी टोपी, घोडा तिच्यावर आपटला की बार. दोन्ही त्याने ऐकलं. लाकडावरून मात्र आम्ही चक्क भांडलो. मला उजळ हवं होतं, त्याने अक्रोड काही सोडला नाही. तेवढ्यात लेक बाहेर आली.

"आई, व्हॉट आर यू डूइंग टू द थर्मास?"

तव्यावरच्या घावण्याचा कोळसा झाला होता आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं.

संध्याकाळी नवरा घरी आल्यावर दस्त्याचं, म्हणजे बंदुकीच्या खांद्याला टेकवायच्या लाकडाचं, माप निघालं. जावयाने बाथरूममधला मॉप आणून माझ्या हातात दिला आणि खांद्याला लावून दाखवा म्हणाला. मी तो उजव्या खांद्याला लावला.

"तो नाही," तो म्हणाला. "दुसरा."

"कशावरून?" मी मॉप खाली घेतला.

"तुम्ही चिरता डाव्या हाताने. वाढायची वेळ आली की पळी उजव्या हातात घेता. रोज बघतोय मी."

म्हणजे तिखट मोजत नव्हता मेला.

लहानपणी आईने "डाव्या हातान वाढूक नको" म्हणत माझा हात वळवला. लिहिणं, वाढणं, कुंकू लावणं, सगळं उजवीकडे गेलं. बंदूक तेवढी वळली नाही. एकदाच हट्टाने बार काढायला घेतली, तर ती आपसूक डाव्या खांद्याला गेली. तिचा घोडा उजव्या अंगाला, म्हणजे माझ्या तोंडासमोर. केपेचा तुकडा उडून गालाला लागला. वडील घाबरले. "उजव्या खांद्याक लाय, नायतर ठेव थंय," म्हणाले. उजव्या खांद्याला मला नेमच धरता येईना. ठेवली. वडिलांचा काय दोष, बंदूकच तशी होती. पण मला फार वाईट वाटलं होतं. पुढेही मी ठासत राहिले, मागितली मात्र कधी नाही.

हे सगळं मी त्याला मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं. तो लॅपटॉपकडे वळला. तेच किट, घोडा डाव्या अंगाला. मिळतं म्हणाला, फक्त यायला वेळ लागतो.

"अरे, पण तू उजवा!"

"माझ्याकडे आजोबांची आहे. ही बांधायला तुम्ही यायचं. पहिला बार तुमचा."

"सासवेच्या हातात बंदूक देणारो जावय पयल्यांदाच बघतंय," नवरा म्हणाला.

मला हसू आलं आणि रडूही आलं. मी मॉप डाव्या खांद्याला लावला, गाल दांड्यावर टेकवला. अगदी बरोबर बसला. जावयाने टेप लावून माप घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी वाढताना मी पळी या हातातून त्या हातात घेतली नाही. आमटी डाव्या हातानेच पुढे नेली. नवऱ्याचा घास तोंडाशी थांबला. जावयाने ताट पुढे केलं.